फोटो संगणकात येईनात तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर भरतकाम, वाळवण, मुलांचे आजार अशा विषयांवर भाषणे झाली. माझ्या वाट्याला कॅमेरा आणि संगणक यावा याचे हसू मलाही येते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. यंत्राच्या पोटात काय असते ते मी सांगू शकणार नाही. माझ्यावर प्रसंग आला, त्यातून जे उमगले तेवढेच सांगते.

२०१६ साली श्रावणात माझ्या सासूबाई गेल्या. तेराव्याला फोटो ठेवायचा, तर घरात त्यांचा छापलेला असा एकही धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडाशी धरून आत जायच्या. आदल्या दिवाळीत करंज्या भरत बसल्या होत्या तेव्हा मी त्यांच्या नकळत एक काढला होता. तो होता कॅमेऱ्यात. आजचे काम उद्यावर टाकायची माझी खोड, म्हणून नऊ महिने तो तिथेच पडून राहिला.

घर पाहुण्यांनी भरलेले, मुलगा परगावी. रात्री भांडी आवरून मीच संगणकापुढे बसले. कॅमेऱ्याची वायर सापडेना, म्हणून मोबाईलच्या चार्जरची लावली. ती चपखल बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, पण संगणक आपला मख्ख! पुढे कळले ते असे, की या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. चार्जरच्या काही स्वस्त वायरींत निरोपाच्या तारा जोडलेल्याच नसतात. कॅमेऱ्याचे पोट भरते, पण त्याला बोलता येत नाही. आपण मात्र कॅमेऱ्याला दोष देत बसतो.

मग मी कार्डच काढले आणि रीडरमध्ये घालून संगणकाला लावले. लगेच पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. अक्षरे जुळवत वाचली. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का, असे ती विचारत होती. आजवर संगणकाने काही विचारले की मी आपले ‘होय’ म्हणत आले. ‘होय’ म्हटले की काम पुढे सरकते, असा माझा समज. पण त्या रात्री काय मनात आले कोण जाणे, पुतण्याला फोन लावला. म्हटले, “फॉरमॅट म्हणजे काय रे?” तो जवळजवळ ओरडलाच, “काकू, हात काढ तिथून! आधी नाही म्हण!”

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे.

त्याने कार्ड परत कॅमेऱ्यात घालायला सांगितले. घातले, तर सगळे फोटो जागच्या जागी. सासूबाई करंजी भरत होत्या. मला तिथेच रडू आले, आणि फोनवर तो पोरगाही गप्प झाला.

कार्ड चांगले होते, संगणक जुना होता. कार्डांत तेव्हा तीन पिढ्या होत्या. साधे एसडी २ जीबीपर्यंतचे. त्यावरचे, ३२ जीबीपर्यंतचे, एसडीएचसी. ते २००६ साली आले. त्याहून मोठे ते एसडीएक्ससी, २००९ सालचे. आमचे ६४ जीबीचे, म्हणजे तिसऱ्या पिढीतले. त्याच्या मांडणीला एक्सफॅट म्हणतात, आणि आमच्या संगणकावरच्या विंडोज एक्सपीला ती वेगळी भर घातल्याशिवाय वाचता येत नाही. न वाचता आलेल्या कार्डाला तो बिनदिक्कत कोरे म्हणतो. निरक्षराने पोथी रद्दीत काढावी, तसलाच प्रकार!

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या सांगण्यावरून निरोपाच्या तारांची वायर आणवली. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘यूएसबी कनेक्ट’ असे होते, तिथे ‘पीटीपी’ निवडले. यात कार्ड कॅमेराच वाचतो आणि फोटो संगणकाच्या हाती देतो, त्यामुळे संगणकाचे अज्ञान आड येत नाही. पंधरा मिनिटांत सारे फोटो उतरले. फोटो तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी छापून आला. हातात करंजी असलेला फोटो ठेवतात का, असे एक आत्याबाई म्हणाल्या. मी ऐकले नाही.

तेव्हापासून शेजारणी कॅमेरे घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकींची अडचण क्षुल्लक असते. बॅटरी उतरलेली, नाहीतर कॅमेरा चालूच केलेला नाही. कुणाला फोटो कुठे शोधायचे तेच ठाऊक नसते. ते ‘डीसीआयएम’ नावाच्या कप्प्यात असतात. कार्डाच्या कडेला बारीकशी कळ असते, ती खाली ओढली की कार्डाला कुलूप लागते. कुलूप असले तरी फोटो संगणकात उतरवता येतात, फक्त पुसता येत नाहीत. म्हणून कार्ड रीडरमध्ये घालण्यापूर्वी मी ते मुद्दाम लावते. फोटो संगणकात मोजून, दोन-चार उघडून पाहिल्याशिवाय कार्डावरचे पुसू नका.

आणि चुकून पुसलेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. पुसलेला फोटो लगेच जात नाही, त्याची जागा रिकामी अशी नोंद तेवढी होते. नवा फोटो त्या जागेवर बसला की जुना गेला. तोवर ‘फोटोरेक’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीने तो पुष्कळदा परत मिळतो. मिळेलच असे मात्र नाही.

ज्यांनी आज कॅमेरे आणले आहेत त्यांनी चहानंतर थांबावे. वायर आणि नवा रीडर माझ्या पिशवीत आहे, आणि मंडळाचा संगणक मी सकाळीच लावून पाहिला आहे.