हसताना हिरड्या दिसतात? आधी फूटपट्टी घ्या

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय अगदी घरचा आहे, माझं हसू.

ज्यांनी मला जुन्या व्हिडिओंत पाहिलंय त्यांना माहिती असेल, मी मोकळं हसले की वरच्या दातांच्या वर हिरडीची चांगली गुलाबी पट्टी दिसायची. याला गमी स्माइल म्हणतात. आठवीत वर्गातल्या एका मुलाने माझं नावच 'हिरडी' पाडलं. तेव्हापासून हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. आजीकडे रडत गेले तर ती म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील, जाऊ दे." म्हण बरोबर आहे हो, पण हिरड्यांबद्दल त्या म्हणीत काहीच नाही!

मागच्या वर्षी माझं लग्न ठरलं. प्री-वेडिंग शूटच्या दिवशी फोटोग्राफर तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, जरा ओठ मिटून हसा ना." तो बिचारा त्याचं काम करत होता. मी मात्र त्या रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर 'गमी स्माइल ट्रीटमेंट' शोधत बसले. आणि तुम्हाला माहितीच आहे, एकदा शोधलं की दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक दोन रीलनंतर तीच जाहिरात.

त्यातल्याच एका क्लिनिकमध्ये गेले. नाव घेणार नाही. एसी, कॉफी, मोठा स्क्रीन. त्यांनी माझा फोटो काढला आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर माझं 'नवीन हसू' दाखवलं. वरच्या आठ दातांवर व्हिनियर्स, एका दाताचे १४,००० म्हणजे एकूण १,१२,००० रुपये. व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. तिथल्या ताई डॉक्टर नव्हत्या, समन्वयक होत्या. त्या म्हणाल्या, "मॅम, आज बुक केलंत तर विना-व्याज हप्ते." मी फॉर्म भरला. ओटीपीसुद्धा आला. तेवढ्यात सहज विचारलं, "माझे दात तासणार का?" तर म्हणाल्या, "थोडेसेच, मॅम."

ते 'थोडेसेच' कानात अडकलं. इनॅमल एकदा तासलं की परत येत नाही. आणि माझ्या दातांना तर काहीच झालेलं नव्हतं! एक कीड नाही, एक फिलिंग नाही. मी बाहेर येऊन मावशीला फोन लावला. मावशी तीस वर्षं नर्स होती. ती एवढंच म्हणाली, "अगं, तुझ्या हिरड्या का दिसतात हे कुणी सांगितलं का तुला? निदान झालंच नाही आणि तू पैसे कसले भरतेस?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीन दाखवला होता, पण माझ्या तोंडात एकदाही नीट आरसा घातला नव्हता.

मावशीने मला पेरिओडॉन्टिस्टकडे पाठवलं. बीडीएसनंतर हिरड्यांच्या विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. छोटा दवाखाना, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डॉक्टर मॅडम माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी आधी मला नुसतं बोलायला लावलं, मग म्हणाल्या, "आता ओठ सैल सोड. आणि आता खरं हसून दाखव बघू, फोटोतलं नको." आणि चक्क मोजपट्टी काढली.

आता इथे जरा थांबूया, कारण हे मला आधी कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. हसताना थोडी हिरडी सगळ्यांचीच दिसू शकते. साधारण ३ ते ४ मिलिमीटरच्या वर दिसली की डॉक्टर त्याला गमी स्माइल म्हणतात. पण ती दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी वरच्या जबड्याचं हाडच उंचीला जास्त वाढलेलं असतं. कधी वरचा ओठ आखूड असतो. कधी ओठ ठीक असतो, पण त्याला वर खेचणारे स्नायू फार जोरात काम करतात. कधी हिरडीच दातावर खाली उतरून बसलेली असते, म्हणजे दात आतून पूर्ण लांबीचा आहे, पण वरचा भाग हिरडीखाली झाकलेला. आणि कधी हिरडी सुजलेली असते. नीट ब्रश न केल्याने, ब्रेसेसमध्ये घाण साचल्याने, किंवा औषधांमुळे. फिट्सवरचं फेनिटोइन आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या, जसं अमलोडिपिन, यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. (म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका हां! ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी बोला.)

या प्रत्येकाचा इलाज वेगळा. आणि माझ्या त्या आठ व्हिनियर्सचा यातल्या एकाही कारणाशी काही संबंध नव्हता.

माझी मापं सांगते. ओठ सैल असताना पुढचा दात ३ मिलिमीटर दिसत होता, तरुण मुलींमध्ये ते अगदी नॉर्मल. नाकाखालपासून ओठाची लांबी २१, तीही ठीक. हसल्यावर हिरडी ५ मिलिमीटर. आणि पुढचा दात दिसत होता फक्त ८ मिलिमीटर उंच, रुंदीला जवळजवळ तेवढाच. म्हणजे चौकोनी. वरचा पुढचा दात साधारण १० ते ११ मिलिमीटर उंच असतो. मॅडम म्हणाल्या, "तुझे दात छोटे नाहीत, झाकलेले आहेत." दात येताना हिरडी खाली असते आणि मोठं होताना ती हळूहळू वर सरकते. माझी अर्ध्यातच थांबली होती. शिवाय माझा ओठ हसताना १० मिलिमीटर वर जातो, बहुतेकांचा ६ ते ८ जातो. "त्यामुळे आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "हिरडी पूर्ण दिसेनाशी होणार नाही. निम्मी कमी होईल."

निम्मी! त्या दुसऱ्या क्लिनिकच्या स्क्रीनवर तर शून्य होती. खरं सांगू, घरी जाताना मी थोडी हिरमुसलेच.

मी विचारलं होतं की लेझरने वीस मिनिटांत होतं ना, रीलमध्ये दाखवतात तसं? होतं, पण कुणाचं ते महत्त्वाचं. हिरडीची कड हाडापासून साधारण ३ मिलिमीटर अंतर ठेवून बसते, ती शरीराची स्वतःची गरज आहे. त्यांनी हिरडी बधिर करून बारीक सळीने हाडापर्यंतचं अंतर मोजलं. माझं हाड खूप खाली, दाताच्या इनॅमलच्या रेषेपर्यंत आलेलं निघालं. अशा ठिकाणी नुसती हिरडी कापली तर काही महिन्यांत ती परत खाली येते, नाहीतर कायमची लाल आणि सुजलेली राहते. ज्यांचं हाड आधीच पुरेसं वर आहे त्यांचं नुसत्या लेझरने भागतं. माझ्या बाबतीत हिरडी उघडून हाडाची कडही थोडी घासावी लागणार होती. याला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. खर्च २४,००० आला, माझ्या शहरात, माझ्या डॉक्टरांकडे. तुमच्याकडे वेगळा असेल.

लग्नाला सात महिने होते म्हणून जमलं. हिरडीची कड शेवटी कुठे स्थिरावते ते कळायला तीन ते सहा महिने जातात. लग्न पंधरा दिवसांवर आलं असेल तर या भानगडीत पडू नका.

ऑपरेशन दीड तासाचं. इंजेक्शन दुखलं, पुढचं नाही, फक्त घासल्याचा आवाज डोक्यात घुमतो. मी डोळे मिटून पाढे म्हणत होते. नंतर दोन दिवस ओठ असा सुजला की होणाऱ्या नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर "कोण बोलतंय?" विचारलं. आठवडाभर मऊ भात, वरण, गार ताक. ठेचा बंद, आणि कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय ते समजून घ्या. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने चहाची चवच गेली आणि दातांवर तपकिरी डाग आले. ते नंतर क्लीनिंगमध्ये निघाले. दहाव्या दिवशी टाके काढले. थंड पाणी मात्र दीड महिना झोंबत होतं.

आता माझ्या रूममेटची गोष्ट. तिचं हसू माझ्यासारखंच, म्हणून ती म्हणाली, "मी पण तुझ्याच मॅडमकडे जाते." मापं घेतली तर तिचे दात पूर्ण लांबीचे, पण ओठ सैल असतानाही दात ६ मिलिमीटर दिसत होते. म्हणजे मामला जबड्याच्या हाडाचा. तिची हिरडी कापली असती तर दातांची मुळं उघडी पडली असती! तिला मॅडमनी हातही लावला नाही, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. तिथे ब्रेसेस आणि जबडा वर सरकवण्याची मोठी शस्त्रक्रिया सांगितली, पूर्ण भूल, हॉस्पिटलमध्ये मुक्काम. ती नको म्हणाली. मग एका ठिकाणी बोटॉक्स घेतलं. नाकाच्या बाजूला इंजेक्शन देतात, ओठ वर खेचणारा स्नायू ढिला पडतो. दहा दिवसांत फरक दिसला. पण पहिले काही आठवडे तिला स्ट्रॉने पिता येईना आणि हसू एका बाजूला कमी. चार महिन्यांत सगळं पूर्ववत. परत घ्यायचं तर परत पैसे. तिने परत घेतलं नाही. "निदान कायमचं काही झालं नाही," म्हणाली.

घरी एवढं करून बघा. फोन हातात धरून सेल्फी नको, जवळून चेहरा वाकडा येतो. फोन लांब टेकवून व्हिडिओ लावा आणि कुणालातरी तुम्हाला खरंच हसवायला सांगा. ओठ सैल असताना किती दात दिसतो, हसल्यावर किती हिरडी, दात चौकोनी वाटतात की लांबट, ते पाहा. ब्रश करताना रक्त येतं का तेही बघा, येत असेल तर आधी क्लीनिंग, बाकी सगळं नंतर. मग डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: माझं कारण कोणतं? हाड कुठे आहे हे मोजलं का? आणि यातलं काय परत पूर्वीसारखं करता येत नाही? खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. रांग असते, डबा घेऊन जा.

आणि हो, वय वाढेल तसा वरचा ओठ आपोआप खाली उतरतो, हिरडी कमी दिसायला लागते. हे मॅडमनी मला शेवटच्या भेटीत सांगितलं. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस."

लग्नाचा अल्बम आला. आजीने चष्मा लावून सगळा पाहिला, मग मला विचारलं, "ते पैसे खर्चून नक्की काय केलंस गं?" अडीच मिलिमीटर आजी, अडीच मिलिमीटर. पण एकाही फोटोत माझा हात तोंडावर नाहीये.

चला, तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा. बऱ्याच जणांनी काळ्या हिरड्या गुलाबी करण्याबद्दल विचारलंय, तो पुढचा भाग. भेटूया!