धुऱ्यावरचं तण

सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूरकडून आलेले वकील, डॉक्टर व शिक्षक मित्र आणि संग्रामपूर तालुक्यातील बंधुभगिनींनो,

अमली पदार्थ रोखण्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र यावं, हा विषय एरवी राजधानीतल्या सभागृहांत चर्चेला असतो. तो इथे घेतल्याबद्दल आयोजकांचं अभिनंदन. आपल्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य, त्यापलीकडे मध्य प्रदेश. दक्षिणेला शेगावावरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. डोंगरवाट आणि रेल्वे यांच्यामधे राहणाऱ्या माणसांना या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

फौजदारी वकिलीत अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याची दोषारोपपत्रं चाळताना एक माणूस मला वारंवार भेटला आणि प्रत्यक्षात कधीच दिसला नाही. त्याचं नाव ‘अनोळखी इसम’. गांजाच्या पोत्यासह पकडलेला मजूर जबाबात सांगतो, सीमेपलीकडच्या एका अनोळखी इसमानं माल दिला. पुष्कळदा तपास तिथेच संपतो. 20 किलोंच्या वर गांजा सापडला, तर गुन्हा सिद्ध झाल्यावर किमान 10 वर्षं सक्तमजुरी आहे. ती भोगतो वाहणारा. धनी मोकळा राहतो आणि नवा मजूर शोधतो. शेजाऱ्यांचं सहकार्य किती खरं, हे जप्तीच्या किलोंवरून कळत नाही. या अनोळखी इसमाला नाव मिळतं का, यावरून कळतं.

मग हे सहकार्य अडतं कुठे? इतिहास याचं उत्तर रोखठोक देतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीला माळव्याची अफू रोखायची होती. नीतीसाठी नव्हे, बंगाल-बिहारच्या आपल्या मक्त्याला धक्का लागू नये म्हणून. तिनं संस्थानिकांशी करार केले. पण अफू संस्थानांच्या तिजोरीत आणि सावकारांच्या पेढीत पैसा आणत होती. माल राजपुतान्यातून कराचीला, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे चीनला जाऊ लागला. हरलेल्या कंपनीनं 1830च्या सुमारास परवाना-शुल्क घेऊन तीच अफू मुंबईमार्गे जाऊ दिली. 1843मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली, तेव्हा अफू थांबली नाही. कंपनीचं शुल्क वाढलं. एकाची चोरटी वाहतूक ही दुसऱ्याची कमाई असेल, तोवर करार कागदावर राहतो.

आजचे करार निदान हेतूनं स्वच्छ आहेत. सार्क देशांनी 1990मध्ये मालदीवमधल्या माले इथे अमली पदार्थांविरुद्ध करार केला, कोलंबोत माहितीचा सामाईक कक्षही उभारला. भारत आणि पाकिस्तान यांच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणांमध्ये 2011मध्ये सामंजस्य करार झाला. पण सार्कची शिखर परिषद 2014च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. 2021मध्ये मुंद्रा बंदरात जवळपास 3,000 किलो हेरॉइन सापडलं. अफगाणिस्तानातला माल, इराणचं बंदर, टाल्कचा दगड म्हणून केलेली नोंद. शेजारी बोलत नव्हते. व्यापारी मात्र तीन देशांचे कागद जुळवत होते.

उलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर 2024मध्ये श्रीलंकेच्या नौदलानं दिलेल्या माहितीवरून भारतीय नौदलानं अरबी समुद्रात दोन बोटी अडवल्या. सुमारे 500 किलो मेथॅम्फेटामाइन मिळालं. बोटी, माणसं आणि माल श्रीलंकेच्या हवाली झाले, कारण खटला तिथे चालायचा होता. श्रेय कुणाचं, यावर खेप अडून बसली नाही.

आता आपल्या अंगणात या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यामधे परराष्ट्र खातं नाही, कायदाही एकच आहे. तरीही 1956च्या राज्यपुनर्रचना कायद्यानं केलेल्या क्षेत्रीय परिषदांत महाराष्ट्र पश्चिमेत आहे आणि मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात. पणजी आपल्या परिषदेत, बुऱ्हाणपूर दुसऱ्या! दोन वावरांमधल्या धुऱ्यावरचं तण कुणीच निंदत नाही. दोघंही म्हणतात, ते त्याच्याकडून आलं. आपली ही सीमा तसा धुरा झाली आहे.

आणि मालाला धुरा अडवत नाही. ऑक्टोबर 2024मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत 907 किलो एमडी (मेफेड्रोन) पकडली गेली. कारवाई गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाची आणि केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाची, कारखाना मध्य प्रदेशात, अटकेतल्यांपैकी एक जण नाशिकचा. वर्षभर आधी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघड केला तो मुंबई पोलिसांनी. दोन्ही वेळा धागा बाहेरच्यांनी ओढला. शेजारच्याला ठाऊक असतं ते आपल्याला कळायला छापा पडावा लागतो, ही सहकार्याची पद्धत म्हणता येणार नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन मागण्या ठेवतो. पहिली, अमली पदार्थांबाबत समन्वयासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ‘एनकॉर्ड’ समिती आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या आणि बुऱ्हाणपूरच्या समित्यांनी ठरावीक काळानं एकत्र बसावं. तिथे ज्या गुन्ह्यांत माल पलीकडून आला, त्यांची यादी वाचावी आणि प्रत्येक अनोळखी इसमाचा तपास कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, हे नावानिशी लिहावं. दुसरी, क्षेत्रीय परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद 1956च्या कायद्यातच आहे. पश्चिम आणि मध्य परिषदांनी ती वापरावी.

तिसरी मागणी डॉक्टरांच्या वतीनं. एनडीपीएसच्या कलम 64ए प्रमाणे अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेनं मान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम वकिलांनी वापरावं, शिक्षकांनी घरोघर सांगावं. 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक शाळांच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना लिहावा. रुग्ण कमी झाला की गिऱ्हाईक कमी होतं, आणि गिऱ्हाईक कमी झालं की अनोळखी इसमाचा धंदा कुठल्याही राज्यात तग धरत नाही.

या मागण्यांचे ठराव मी आता मतास टाकतो. बुऱ्हाणपूरच्या मित्रांनी ते हिंदीतही लिहून घ्यावेत, आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या निवेदनावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.