साखर तपासली, चरबीचं काय?



मधुमेह असलेली बाई साखरेचा आकडा तोंडपाठ सांगते. रक्तातली चरबी कधी तपासली, असं विचारलं की म्हणते, "मी कुठे जाड आहे?" पण मधुमेहात माणूस दगावतो तो बऱ्याचदा हृदयाच्या रोहिण्या तुंबून.

शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की साठलेल्या चरबीतून स्निग्धाम्लं रक्तात सुटत राहतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड बनवून पुन्हा रक्तात सोडतं. या गडबडीत 'चांगलं' एचडीएल घटतं आणि 'वाईट' एलडीएलचे कण बारीक, घट्ट होऊन रोहिणीच्या भिंतीत सहज शिरतात. मेख अशी, की एलडीएलचा आकडा मात्र पुष्कळदा ठीकच दिसतो! म्हणून रिपोर्ट हातात आला की सगळ्या ओळी वाचा. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर किंवा एचडीएल ५० च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारा. पुरुषांसाठी एचडीएलची ही रेषा ४० ची आहे, आपल्यासाठी ५० ची.

पाळी चालू असेपर्यंत बाईला हृदयविकारापासून थोडं संरक्षण असतं. मधुमेह ते बरंचसं काढून घेतो. ३७ अभ्यास एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला गेला. मधुमेहामुळे हृदयरोहिणीच्या विकाराने मरण्याचा धोका पुरुषांत सुमारे दुप्पट होतो, बायकांत साडेतीनपट. मधुमेही बायकांवर उपचार कमी होतात, हेही त्यामागचं एक कारण असावं असं त्या अभ्यासकांनी म्हटलं.

यात नवल नाही. पुरुषाच्या छातीत कळ आली की सारी गल्ली गोळा होते. बाईला धाप लागते, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, हातपाय गळून जातात. त्यातून मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर छातीत दुखतही नाही. ती स्वतः म्हणते पित्त, घरचे म्हणतात गॅस, आणि काही डॉक्टरही 'टेन्शन घेऊ नका' म्हणून गोळी देतात. अशा वेळी "मला मधुमेह आहे, ईसीजी काढा" हे आपणच ठणकावून सांगायचं.

खाण्याबद्दल एकच सांगते. तेल-तूप तोडून ट्रायग्लिसराइड उतरेलच असं नाही. ते साखरेने आणि पिठूळ पदार्थांनीही चढतं. आठवड्यातून दोनदा उपास आणि दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, बटाटा! देव काय म्हणतो ते ठाऊक नाही, यकृत मात्र नाराज होतं.

औषधाला घाबरू नका. २००४ साली २८३८ मधुमेहींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना आधी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फार नव्हतं. रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. सहभागींत बायका जेमतेम एकतृतीयांश होत्या, हेही नोंदवून ठेवू. आणि ही गोळी चालू असताना मूल हवं असेल किंवा दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणात ती सहसा बंद करतात.