घराजवळची समुद्रसफर

समुद्रकांठीं राहणाऱ्या माणसाला समुद्राचें अप्रूप राहत नाहीं. मुंबईंतला नोकरदार चर्चगेटला लोकलगाडींतून उतरतो, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर दोन घटका बसतो आणि समुद्र पाहिला असें मानून घरीं परततो. वस्तुतः त्यानें जमिनीवरून पाणी पाहिलेलें असतें. पाण्यावरून जमीन पाहण्याचा योग त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. आणि ज्या किनाऱ्यावर आपल्या चार पिढ्या नांदल्या तो बाहेरून कसा दिसतो, हें पुष्कळांना आयुष्य सरत आलें तरी ठाऊक नसतें. म्हणून सुटीच्या दिवसांत घराजवळच्या समुद्रांत एखादी लहानशी सफर करावी कीं न करावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. पैसा, वेळ आणि प्रकृति या तिहींचा हिशेब त्यांत येतोच. पण या सफरींतून मिळवावयाचें काय, हा चौथा हिशेब बहुधा राहून जातो.

दादरच्या एका मध्यमवर्गीय घरांतला प्रसंग नमुन्यादाखल घ्यावा. दिवाळीच्या सुटींत कोठें जावें याचा खल चालला होता. मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या जहाजाची जाहिरात नातवानें पुढें ठेवली. दोन रात्रींचा प्रवास, पोहण्याचा तलाव, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम. त्याचा निर्णय झालेलाच होता. सुनेला मुलांना बोट लागेल ही धास्ती. घरच्या कर्त्या पुरुषानें कागदावर पांच माणसांची आंकडेमोड केली आणि कागद बाजूला सारला. "एवढ्या खर्चांत केरळ पाहून होईल," तो म्हणाला. "निघावयाचें मुंबईहून आणि परत यावयाचें मुंबईसच, तर हा खर्च कशाला?"

खिडकीशीं बसलेले आप्पा तोंवर कांहीं बोलले नव्हते. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. मूळ गांव देवगड. ते हळूच म्हणाले, "अरे, पाण्यावरून आपला किनारा एकदां पाहावा असें मनांत आहे. आलों तेव्हां बोटीनें आलों. नंतरच्या साऱ्या खेपा मोटारीच्या, नाहीं तर रेल्वेच्या."

"पुढल्या वर्षीं बघूं, आप्पा," असें उत्तर मुलाच्या ओठांवर आलें होतें. पण तें त्याच्यानें बोलवलें नाहीं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं पुढल्या वर्षाचा वायदा सहजासहजीं करतां येत नाहीं. तेव्हां सफर करावी कीं नाहीं हा प्रश्न तेथेंच मिटला, आणि कोणती करावी हा खरा प्रश्न पुढें आला.

आप्पा ज्या बोटीनें मुंबईस आले, तिचें स्वरूप आजच्या मुलांना सांगूनच समजावें लागेल. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी कोंकणबोट ही चैनीची वस्तु नव्हती; कोंकणच्या माणसाची ती गरज होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत ती पणजीकडे जाई. कित्येक ठिकाणीं बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रांत उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, आणि वळकट्या, ट्रंका, फणस व लेंकुरें यांसह उतारू हेलकावणाऱ्या पडावांत उतरत. पावसाळा लागला कीं ही वाहतूक बंद पडे. सडका सुधारल्या, एस्. टी. गांवोगांव पोंचली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंकणबोट इतिहासजमा झाली. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हां तिची उणीवहि पुष्कळांना जाणवेनाशी झाली.

या बोटीचा एक गुण मात्र तिच्या गैरसोयींतूनच निपजला होता. बंदरोबंदरीं थांबावयाचें असल्यानें तिला किनारा फार सोडून जातां येत नसे. साहजिकच उतारूला सारें कोंकण, एकामागून एक पानें उलटावीं तसें, दिसत जाई. आप्पांना जें पुन्हां पाहावयाचें होतें तें हें. जाहिरातींतलें मोठें जहाज तें दाखवील काय, याचा शोध घेतल्यावांचून त्याचें तिकीट काढणें म्हणजे नांव पाहून पुस्तक विकत घेणें होय.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाचेंच उदाहरण घ्यावें. २०१८ च्या ऑक्टोबरांत या मार्गावर 'आंग्रिया' नांवाची प्रवासी नौका सुरू झाली, तेव्हां कोंकणबोटच नव्या थाटांत परत आली असें अनेकांना वाटलें. ती सेवा फार वर्षें टिकली नाहीं. पण तिच्या वेळापत्रकाची तऱ्हा ध्यानांत घेण्यासारखी आहे. दिवस मावळण्यापूर्वीं मुंबई सोडावयाची आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गोवा गांठावयाचा. मुंबई ते पणजी हें सागरी अंतर सुमारें ४०० किलोमीटर. जहाजाचा वेग ताशीं १५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २८ किलोमीटर धरला, तर चौदा-साडेचौदा तास लागतात. दिवाळीच्या सुमारास मुंबईंत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दुपारीं चारला निघालेल्या जहाजाला उजेडाचे तास अवघे दोन. तेवढ्यांत तें रेवदंड्याच्या आसपास पोंचेल. पुढें मुरूडचा जंजिरा, सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग हीं सारीं ठिकाणें काळोखांत जावयाचीं. देवगडसमोरून जहाज जाईल तेव्हां पहाटेचे अडीच वाजलेले असतील, आणि आप्पांना दिसलाच तर दीपगृहाचा उघडझांप करणारा प्रकाश तेवढा दिसेल.

दुसरी गोष्ट अंतराची. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें पाण्यावरून दिसणाऱ्या टापूला मर्यादा पडते. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचें क्षितिज सुमारें १८ किलोमीटरांवर असतें. जहाज किनाऱ्यापासून त्याहून दूर गेलें कीं प्रथम पुळणी बुडतात, मग घरें, मग माडांचे शेंडे. शेवटीं डोंगरांची एक निळसर रेघ उरते. कांहीं सफरींत तर जहाज नुसतें खोल समुद्रांत जाऊन परत फिरतें. तेथें ही रेघहि दिसत नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे कीं मोठ्या जहाजाची सफर निरर्थक आहे. ज्याला विसांवा हवा, चार आप्तांबरोबर निवांत जेवण हवें, शहराच्या दिव्यांवांचून तारे पाहावयाचे आहेत आणि भर समुद्रांतला सूर्योदय अनुभवावयाचा आहे, त्याला दोन रात्रींचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील. मात्र त्यानें विकत घेतला तो समुद्र, किनारा नव्हे. या दोन वस्तूंची गल्लत झाली म्हणजे परतल्यावर हळहळ वाट्याला येते, आणि दोष जहाजाला दिला जातो.

किनारा ज्याला पाहावयाचा आहे, त्यासाठीं मुंबईच्या दाराशींच एक साधी वाट आहे. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला जाणारी लॉंच सुमारें तासाभरांत पलीकडे पोंचते. अलिबागला सडकेनें जावयाचें तर शंभराच्या आसपास किलोमीटर पडतात, म्हणून हजारों माणसें या लॉंचकडे जवळची वाट म्हणूनच पाहतात आणि तासभर मान खालीं घालून हातांतला फोन न्याहाळतात. वास्तविक या एका तासांत केवढें तरी दृश्य डोळ्यांपुढून सरकतें! १९२४ मध्यें पुरी झालेली गेटवेची कमान मागें लहान होत जाते. नौदलाच्या करड्या युद्धनौका, नांगरलेलीं मालवाहू जहाजें आणि बंदरांतलीं तटबंदीचीं चिमुकलीं बेटें जवळून जातात. डावीकडे जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजें लागलेलीं असतात. त्यामागें घारापुरीचा डोंगर आणि पुढें करंज्याचा डोंगर दिसतो. मांडवा जवळ येऊं लागला आणि हवा निवळ असली, तर नैऋत्येला समुद्रांत एक ठिपका दिसतो. तो खांदेरी.

या ठिपक्याची कथा ठाऊक असेल तर तासभराच्या प्रवासाचें मोल वाढतें. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या या बेटावर तटबंदी आरंभली. इंग्रजांनीं ती रोखण्यासाठीं मुंबईहून गलबतें धाडलीं. वारा पडला कीं त्यांचीं जड गलबतें जागच्या जागीं खिळत; मराठ्यांच्या हलक्या होड्या मात्र वल्ह्यांच्या जोरावर, रात्रीच्या आडोशानें, किनाऱ्यावरून दगड, दाणा आणि माणसें बेटावर पोंचवीत. १६८० च्या आरंभीं इंग्रजांना वेढा उठवावा लागला. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना थळच्या किनाऱ्यावरून होडी करून तेथें जातांहि येतें. आप्पांच्या वयाच्या माणसानें तो लॉंचच्या कठड्याशीं उभें राहून पाहिला तरी पुरे.

अंतर थोडें म्हणून धोका थोडा, असें समजणें मात्र घातक ठरेल. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती कांहीं दूरदेशीं निघाली नव्हती. दीड-दोन तासांवरच्या घरीं निघाली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. यास्तव ऐन पावसाळ्यांत ही वाहतूक बंद ठेवतात त्याबद्दल कुरकुर करूं नये. प्राणरक्षक जॅकेट हाताशीं आहे कीं नाहीं हें बसण्यापूर्वींच पाहावें. आणि गर्दी मर्यादेबाहेर दिसली तर पुढल्या लॉंचची वाट पाहावी. अर्धा तास वांचविण्यासाठीं एवढी जोखीम कोणीं घेऊं नये.

सुनेची धास्ती घालवण्याचा उपायहि वाऱ्याच्या ज्ञानांतच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सकाळीं जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाणी बहुधा शांत असतें. दुपार चढली कीं समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि लाटा उठूं लागतात. म्हणून जाणें सकाळचें ठेवावें. बोट लागते ती मुख्यतः कान आणि डोळे यांच्या साक्षींत मेळ न राहिल्यामुळें. कानाला हेलकावे कळतात, आणि समोरची बांकें डोळ्यांना स्थिर दिसतात. बोटीच्या मध्यभागीं बसावें, नजर क्षितिजावर ठेवावी आणि पोट अगदीं रिकामें किंवा तुडुंब भरलेलें नसावें, एवढें संभाळलें तर पुष्कळांना त्रास होत नाहीं. थंडींत मुंबईवर सकाळचें धुरकें असतें, त्यामुळें खांदेरी दिसेलच असें वचन कोणालाहि देतां येणार नाहीं. तेवढें नशिबावर सोडावें.

दादरच्या त्या मंडळींनीं शेवटीं हाच बेत ठरविला. नातू प्रथम रुसला; मोठ्या जहाजाचें पुढें पाहूं, असें आश्वासन त्याला मिळालें. भाऊबीज आटोपल्यावर एका सकाळीं पांचहि जणांनीं गेटवेहून लॉंच धरली. आप्पांनीं बसावयास नकार दिला. ते दोन्ही हातांनीं कठडा धरून उभे होते, आणि मुलगा त्यांच्यामागें, हात लागेल इतक्या अंतरावर. मांडवा दिसूं लागला तेव्हां नातवालाच तो ठिपका प्रथम दिसला. आप्पांनीं त्याला खांदेरी सांगितला, त्याच्या आंतल्या बाजूचा उंदेरी सांगितला, आणि मग दक्षिणेकडे विरत जाणारी किनाऱ्याची रेघ ते बराच वेळ पाहत राहिले.

"आप्पा, देवगड दिसतें का हो?" नातवानें विचारलें.

"नाहीं रे. तें फार लांब. पण बोट यायची ती ह्याच बाजूनें," आप्पा म्हणाले. "बहुतेकांना बोट लागली होती. मी असाच उभा होतों."

मुलानें ही गोष्ट इतक्या वर्षांत कधीं ऐकली नव्हती. मांडव्याला उतरल्यावर चहा घेतांना आणखी पुष्कळ निघालें: पडावांत उतरतांना भिजलेली वळकटी, धक्क्यावर न्यावयास न आलेला मामा, गिरगांवांतली पहिली रात्र. एका तासाच्या लॉंचनें साठ वर्षांची गांठ सोडविली.

घराजवळची समुद्रसफर फायद्याची कीं तोट्याची, याचा निवाडा किलोमीटर मोजून करतां येत नाहीं. ती दिवसाउजेडीं आहे काय, किनारा नजरेच्या टप्प्यांत राहतो काय, ऋतु आणि बोट भरवशाची आहे काय, आणि बरोबर नेलेल्या माणसाला जें पाहावयाचें आहे तें तेथें आहे काय, एवढे चार प्रश्न तिकीट काढण्यापूर्वीं विचारावेत. चारहि उत्तरें होकारार्थीं आलीं, तर तास-दोन तासांची सफर पुरेशी आहे. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, तर ती पुढल्या वर्षावर ढकलूं नये.