भग्नावशेषांचा घरगुती अनुबोधपट



घरच्या माणसांनी काढलेला प्रवासाचा अनुबोधपट हा विषय व्याख्यानमालेला शोभेल काय, अशी शंका चालकांपैकी एकाने बोलून दाखविली होती. ती अगदीच निराधार नव्हे. हल्ली ज्याच्या खिशात फोन आहे तो प्रवासाला निघाला की चित्रण करतोच. परंतु पडक्या देवळांचे चित्रण करावयाचे म्हटले म्हणजे काही प्रश्न उभे राहतात, आणि ते आम्हां घरच्या पाच माणसांत चांगलेच रंगले. तेवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

निमित्त मात्र दूरचे आहे. आमचे एक आप्त अमेरिकेत असतात. ते मुलांबाळांसह मेक्सिकोच्या युकातान भागात हिंडून आले, आणि तेथील माया लोकांच्या अवशेषांवर त्यांनी एक अनुबोधपट तयार करून आम्हांस पाठविला. मीना प्रभूंचे ‘मेक्सिकोपर्व’ घरात वाचलेले होते, त्यामुळे चिचेन इत्साचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा पडद्यावर येताच ओळखीचा वाटला. चित्रण सुरेख होते. मात्र निवेदनात ‘लुप्त झालेले गूढ लोक’ हे शब्द चार वेळा आले आणि पडद्यावर त्या देशाचा एकही माणूस दिसला नाही. पहाटे दार उघडताच आत शिरून गर्दी कशी टाळली, हे त्यांनी पत्रात कौतुकाने कळविले होते.

आता वस्तुस्थिती अशी की, माया लोक लुप्त झालेलेच नाहीत. दक्षिणेकडील त्यांची बरीचशी मोठी शहरे नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडत गेली हे खरे. पण माणसे राहिली. ग्वाटेमालात आणि युकातानात आजही लक्षावधी लोक माया भाषा बोलतात आणि मका पिकवितात. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने त्यांच्या पोथ्या जाळल्या. जगात आज त्यांतल्या जेमतेम चार उरल्या आहेत. गंमत पाहा, याच लांदाने त्यांच्या अक्षरांची एक यादी करून ठेवली होती. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडिताने ती यादी आणि माया लोकांची बोली यांच्या आधारे त्या लिपीचे कुलूप उघडावयास सुरुवात केली. भाषाच मेली असती तर त्या दगडांना बोलते कोणी केले असते?

हे सारे जेवताना बोलणे चालले असता आमच्या मातोश्री म्हणाल्या, “एवढं लांब कशाला जायचं? आपली बाराखांबी काय कमी आहे?” बीड जिल्ह्यातच राहावयाचे आणि अंबाजोगाई देवीच्या दर्शनापुरती पाहावयाची, हा आपल्या सर्वांचा शिरस्ता. त्या दिवशी बेत ठरला.

कुटुंबाने मिळून चित्रपट काढणे मराठी माणसाला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले ते घरीच. सरस्वतीबाई रात्ररात्र फिल्मला भोके पाडीत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे त्यांची कन्या मंदाकिनी. आमच्याकडे तेवढी प्रतिभा नव्हती, पण माणसे होती. चिरंजीवांकडे फोन आणि तिपाई, कन्येकडे निवेदन, सौभाग्यवतींकडे पांढरी चादर. चादर हसण्यावारी नेऊ नये. हत्तीखान्याच्या लेण्यात बाहेर रखरखीत ऊन आणि आत मंडपात काळोख. चादर ताणून धरली की ऊन आत वळते आणि खांब उजळतात. वाऱ्याचा आवाज टाळण्यासाठी ध्वनिग्राहकाला हातरुमाल गुंडाळला. ड्रोन वापरला नाही; संरक्षित स्मारकावर त्याला परवानगी लागते, आणि आकाशातून देवळाचे फक्त छप्पर दिसते.

वाद झाला तो हत्तीखान्यावरच. तेथील दगडी हत्तींची कथा आपण सारे जाणता. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड दगड झाले. कन्येचे म्हणणे, इतिहासात ही कथा घालू नये. मातोश्रींचे म्हणणे, कथा वगळली तर हत्ती उभे कशासाठी राहिले? शेवटी ठरले की कथा आजीने सांगावी, आजीच्याच आवाजात, ‘लोक असं सांगतात’ म्हणून; आणि कोरीव लेखांत जे आहे ते नातीने सांगावे. दोन आवाज वेगळे ठेवले की ऐकणाऱ्याची फसगत होत नाही.

नातीच्या वाट्याला जे आले ते कथेपेक्षा कमी नव्हते. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्या भावाच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने देऊळ बांधविले. शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा, लेख तसे सांगतो. आठशे वर्षांपूर्वीची एक बहीण! आमची कन्या हे वाक्य वाचताना दोनदा अडखळली, आणि शेजारी तिपाई धरून उभा असलेला तिचा भाऊ उगाच फोनची काच पुसू लागला. ते अडखळणे आम्ही कापले नाही.

लेखाच्या चित्रणाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. समोरून प्रकाश टाकला तर अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. विजेरी अगदी बाजूने, भिंतीला टेकवून धरली म्हणजे खोबणीत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. खडू किंवा तेल मात्र कोणी चोळू नये. चित्र एक दिवस चांगले येते, दगड कायमचा खराब होतो.

बाराखांबीचा, म्हणजे सकलेश्वराच्या देवळाचा, काळ १२२८ चा. त्याच्या परिसरात राज्य पुरातत्त्व खात्याने २०२४ साली खणले तेव्हा आणखी दोन देवळांचे पाये उघडे पडले. म्हणजे आपण जे पाहतो ते उरलेले आहे. पुष्कळसे पायाखाली आहे. तेथे चिरंजीव चौकट लावीत असता एक शेरडे राखणारी बाई सावलीला येऊन बसली. चिरंजीव म्हणाले, “मावशी, जरा बाजूला सरकता का?” अमेरिकेतला अनुबोधपट आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही म्हटले, “बसू दे. त्यांनाच विचार.”

“मला काढता व्हय? देव काढा की!” असे म्हणून तिने आधी पदर सारखा केला. मग खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, “माझी सासू हितंच बसायची. ह्यो खांब लई थंड असतो बगा, चैतातबी.”

चैत्रातही गार राहणारा खांब, ही माहिती आमच्या वाचनात कोठेही आली नव्हती. अनुबोधपटाची सुरुवात आम्ही त्या वाक्याने केली आहे.

चोवीस मिनिटांचे हे काम पुरे झाल्यावर पहिल्यांदा तिलाच दाखवावे म्हणून आम्ही पुन्हा तिकडे गेलो. तिने शेवटपर्यंत नीट पाहिले, देवीला हात जोडले, आणि फोन परत देताना म्हणाली, “समदं झ्याक हाय. शेरडं तेवढी लई बारीक दिसत्यात.”