जगाचा नागरिक आणि संडासाची बादली

मला विषय दिलाय जागतिक नागरिकत्व. मी मॅट्रिक झालेला, धक्क्यावर माल उतरवणारा माणूस. जग मला ठाऊक आहे ते खोक्यांवर रंगवलेल्या बंदरांच्या नावांतून. त्यातली दोन आज इथं उतरवतो.

पण आधी शाळा. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला डबा. ‘कलम १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट’, लिहा आणि मार्क घ्या. एका वर्षी शाळेत विश्वबंधुत्वाचा कार्यक्रम झाला. पोरांनी देशोदेशीचे झेंडे रंगवले. त्या सकाळी संडास धुवायला गुरुजींनी तीन पोरं निवडली. तिन्ही आमच्या वस्तीतली. आडनावं बघून. मी बादली घेऊन उभा, समोर भिंतभर देश. कलम १७ तेव्हाही मला तोंडपाठ होतं.

पहिलं बंदर डर्बन. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारतानं संयुक्त राष्ट्रांत नेला. तिथलं गोरं सरकार म्हणालं, हा आमच्या घरातला मामला. भारतानं ऐकलं नाही, बरंच केलं. त्याच साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपल्यालाही तसंच जावं लागेल, हे त्यांच्या डोक्यात होतं. २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा आपली माणसं गेली, जात जगापुढं मांडली. आणि आता भारत सरकारच म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथं नको. अंतिम जाहीरनाम्यात जात आलीच नाही. दुसऱ्याचं घर असलं की दार उघडायचं, आपलं असलं की कडी!

दुसरं बंदर सिएटल. २१ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या सिटी कौन्सिलनं जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. म्हणजे आपले शिकलेले लोक साता समुद्रापार जाताना जात सामानात घेऊनच गेले. कस्टमवाल्यानं ती पेटी उघडली नाही, एवढंच. (आमची डब्याची पिशवीसुद्धा गेटवर झडते.) यांना कुणी जगाचं नागरिकत्व शिकवलं नव्हतं? शिकवलं होतं की! झेंडे यांनीच रंगवले होते.

म्हणून दर रविवारी विहारात आम्ही पोरांना बसवतो. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि आपली घटना शेजारी शेजारी ठेवून वाचतो. पाठांतर नाय. परवा एक पोरगी बोलली, आमच्या शाळेत संडास धुवायची पाळी कुणाकुणाची लागते, त्याची यादी मागूया. अर्जाचा मसुदा पोरांनीच लिहिलाय. सोमवारी हेडमास्तरांकडे द्यायचाय. पालकांच्या अकरा सह्या झाल्यात. माझी रात्रपाळी आहे, सुटल्यावर थेट शाळेच्या गेटवर येतो.