मोहोरावर घेतलेली विमानं



आमच्या रत्नागिरीकडे आंब्याची बाग मोहोरावर विकली जाते. फळ अजून धरलेलंही नसतं. व्यापारी येतो, झाडाखाली उभा राहून वर बघतो, मनाशी हिशेब करतो आणि विसार देऊन जातो. पुढे अवकाळी पाऊस आला, तर ते त्याचं नशीब. परदेशी विमान कंपन्या शंभर-दोनशे विमानं एका दमात मागवतात, त्या बातम्या वाचताना मला हा व्यापारी आठवतो.

मी कवी माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण या बातम्यांशी आमच्या घराचं नातं आहे. माझे मोठे मामू सत्तरच्या दशकात आखातात गेले, ते मुंबईहून ‘द्वारका’ बोटीनं, डेकवर पथारी टाकून. १९८२ साली ती बोट थांबली. ऑक्टोबर १९८५मध्ये दुबईत एमिरेट्स ही कंपनी सुरू झाली. सरकारचं भांडवल एक कोटी डॉलर आणि पाकिस्तानच्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली दोन विमानं. सुरुवातीची ठिकाणं कोणती? कराची, मुंबई, दिल्ली. म्हणजे पहिले उतारू आमच्या मामूंच्या जातकुळीचेच, सुटकेसला दोरी बांधून निघालेले.

आता पुढचं पाहा. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये दुबईच्या विमान प्रदर्शनात याच कंपनीनं बोइंगची नवी १५० आणि एअरबसची अवाढव्य अशी ५० विमानं मागवली. बोइंगच्या दीडशेंचीच छापील किंमत ७६ अब्ज डॉलर होती. अर्थात छापील किमतीला विमान कोणी घेत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला मोठी सूट मिळते. सुरुवातीला थोडी रक्कम, मग हप्ते आणि विमान ताब्यात येताना उरलेला मोठा हिस्सा. पुष्कळ कंपन्या तर ते विमान भाड्यानं देणाऱ्या संस्थेला विकतात आणि तेच परत भाड्यानं चालवतात. मग एवढी घाई कशाची? रांगेतल्या नंबराची! कारखाने मोजके. आज नंबर लावला नाही, तर दहा वर्षांनी उतारू येतील आणि त्यांना बसवायला विमान नसेल.

पण मोहोर गळतोही. बोइंगची ती नवी विमानं २०२० साली येणार होती. २०२५ सरलं तरी एकही कुणा कंपनीच्या हाती पडलं नव्हतं. एअरबसची दुमजली ए-३८० विमानं गिऱ्हाइकांच्या हाती एकूण २५१ पडली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सनं घेतली. फेब्रुवारी २०१९मध्ये तिनं मागणी ३९ने कमी केली आणि एअरबसनं ते विमान बनवणंच बंद करायचं ठरवलं. शेवटचं विमान डिसेंबर २०२१मध्ये दुबईला पोहोचलं. एका गिऱ्हाइकानं हात आखडला आणि अख्खी बाग उठली.

आपल्याकडेही हे वारं आलं. २०२३च्या फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोनं ५००. कारण उघड आहे. मुंबईचा माणूस दुबईत विमान बदलून लंडनला, न्यूयॉर्कला जातो. ते भाडं आपल्या कंपन्यांना हवं आहे. मात्र नुसती विमानं असून भागत नाही. दोन देशांमध्ये आठवड्याला किती जागा, हे सरकारं ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यात २०१४ साली हा आकडा प्रत्येक बाजूला सुमारे ६५ हजार ठरला आणि पुढची दहा वर्षं तो हलला नाही. दुबई वाढवून मागत राहिली. आपल्या कंपन्यांना बाळसं धरू द्यावं, असं आपलं म्हणणं.

ते म्हणणं मला पटतं. आपल्या देशाचं विमान जगभर उडावं, असं कोणाला वाटणार नाही? पण माझा भाचा तिकडे सुतारकाम करतो. गेल्या ईदला त्यानं तिकिटाचा दर पाहिला आणि फोनवर म्हणाला, “मामू, या वेळी राहू दे.” त्याच्या अम्मीनं केलेला शिरखुर्मा शेजारी वाटला गेला. जागा मोजक्या आणि जाणारे फार, की भाडं असं चढतं. स्पर्धेला सवलत द्या किंवा आवर घाला, त्याचा जमाखर्च शेवटी अशा घरांत मांडला जातो.

म्हणून मला एवढंच सांगायचं आहे. जागांचा करार करायला बसणाऱ्यांनी कंपन्यांचा हिशेब जरूर करावा; सोबत सुताराच्या पगाराचाही करावा. या शेकडो विमानांवर विसार देणाऱ्यांनी झाडाखाली उभं राहून जो मोहोर पाहिला, तो आमच्या गावांचा आहे. आणि आंबा विकला गेला, तरी बागवाल्याच्या पोराला एखादी फोड मिळाली पाहिजे, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे.